बीझेड रिअ‍ॅक्शन: वलयं हमखास, स्पायरल मात्र नाही (आणि वरून नागपूरचा मे महिना)

धंतोलीचा_रसायनी

मंडळी, बेलुसोव-झाबोटिन्स्की रिअ‍ॅक्शनबद्दल सल्ला हवा आहे. पेट्री डिशमधल्या लाल द्रावणात निळ्या लाटा पसरत जातात, तीच ही. मे महिन्यात मुलांच्या उन्हाळी शिबिरात प्रात्यक्षिक ठेवायचं आहे. हॉल सीताबर्डीच्या बाजूला, एसी नाही, दोन मोठे कूलर. दुपारी आत ३८ ते ४० अंश धरून चाला.

कृती नेहमीचीच. द्रावण अ: ६७ मिली डिस्टिल्ड पाणी, त्यात २ मिली संहत सल्फ्युरिक आम्ल, मग ५ ग्रॅम सोडियम ब्रोमेट. ब: १० मिली पाण्यात १ ग्रॅम सोडियम ब्रोमाइड. क: १० मिली पाण्यात १ ग्रॅम मॅलोनिक आम्ल. एका डिशसाठी ६ मिली अ, अर्धा मिली ब आणि १ मिली क. ब्रोमिनचा तपकिरी रंग पूर्ण गेला की ०.०२५ मोलर फेरोईन (लाल-निळा रंग बदलणारं लोहाचं निर्देशक) १ मिली, ट्रायटन एक्स-१०० (साबणासारखं रसायन) च्या हजारात एक द्रावणाचा एक थेंब, हलवून ९० मिमीच्या डिशमध्ये.

वलयं यातून मिळतात. मला मुलांना स्पायरल, म्हणजे टोकाभोवती वेढे घेत फिरणारी लाट, दाखवायची आहे. तीन प्रश्न: स्पायरल पाडायची खात्रीची रीत कोणती? सोडियम ब्रोमेटऐवजी दुकानात सहज मिळणारं पोटॅशियम ब्रोमेट चालेल का? आणि या गर्मीत पातळ द्रावणात करावं की जेलमध्ये? माझं मत विचाराल तर मे महिन्यात नागपुरात जेलशिवाय हे शक्य नाही.

तर्रीपोहा

पहिला नंबर! विषय डोक्यावरून गेला, पण कूलरचा उल्लेख आला म्हणजे धागा आपलाच. बसलो आहे कोपऱ्यात.

वैनगंगा

रसायनीभाऊ, कृतीत काही कमी नाही. बंद वलयाला टोक नसतं, आणि स्पायरल टोकाभोवती बनते. लाट तुटल्याशिवाय ती येणार नाही, मग ब्रोमेट कितीही बदला.

टोक का वळतं ते सांगते, म्हणजे हात कुठे लावायचा ते कळेल. लाट पुढे सरकते ती ब्रोमस आम्लामुळे, हे रिअ‍ॅक्शनमध्ये मधेच तयार होणारं रसायन. ते स्वतःच स्वतःला वाढवतं आणि शेजारच्या द्रावणात झिरपून तिथेही तेच सुरू करतं. सरळ लाटेत ते फक्त पुढच्या दिशेने झिरपतं. टोकाशी पुढे आणि बाजूला असं दोन्हीकडे जातं, पातळ होतं, म्हणून तिथला वेग कमी पडतो. बाकीची लाट पुढे निघून जाते, टोक मागे राहतं आणि आत वळतं.

रीत अशी. डिश ओतल्यावर झाकण ठेवा आणि सगळ्यात मोठं वलय दीड-दोन सेंटीमीटर व्यासाचं होईपर्यंत थांबा. झाकण काढून प्लास्टिकच्या ड्रॉपरचं टोक पृष्ठभागापासून साधारण एक सेंटीमीटरवर, तिरकं धरा आणि वलयाच्या एकाच जागी हवेची एकच हलकी फुंकर मारा. चार-पाच मिलिमीटरचा तुकडा विस्कटला की पुरे. लगेच झाकण. दोन टोकं तयार होतात, एक घड्याळाच्या दिशेने वळतं, दुसरं उलट. तीन-चार मिनिटं डिशला हात लावू नका.

फक्त एकच स्पायरल हवी असेल तर डिशच्या काठाला टेकलेली लाट निवडा आणि काठापासून दूर नाही, काठाजवळच ती मोडा. एक टोक काठावर जाऊन संपतं, दुसरं फिरत राहतं.

डिश एका बाजूला किंचित कलंडवून पुन्हा सरळ ठेवली तरी लाटा फाटतात. पण मग डझनभर स्पायरल कुठेही उगवतात. दिसायला छान, मुलांना समजावायला मात्र कठीण.

ब्युरेट

वैनगंगाताईंशी सहमत, एक भर. लाट मोडायला टाचणी किंवा स्टीलची सुई वापरू नका. आम्लात धातू विरघळायला लागतो आणि ती जागाच नव्या लाटा सोडत बसते. काच किंवा प्लास्टिकच. चांदीची तार वेगळ्या कामाची: ती ब्रोमाइड ओढून घेऊन सिल्व्हर ब्रोमाइड करते, तिथलं ब्रोमाइड कमी झालं की लाट सुटते. म्हणजे लाट हवी तिथे सुरू करायला चांदी, मोडायला ड्रॉपर. सराफ्यात तार घेताना शुद्ध मागा, दागिन्यांच्या चांदीत तांबं असतं.

आता पोटॅशियम ब्रोमेट. २० अंशांना १०० मिली पाण्यात ते जेमतेम ७ ग्रॅम विरघळतं. सोडियम ब्रोमेट तीस ग्रॅमच्या वर विरघळतं. तुमच्या ५ ग्रॅम सोडियम ब्रोमेटएवढे मोल हवेत तर पोटॅशियमचं साडेपाच ग्रॅम लागेल, आणि ६७ मिलीमध्ये ते २५ अंशांना पूर्ण विरघळत नाही. तळाशी राहिलेला प्रत्येक स्फटिक डिशमध्ये आला की तिथून वलय. वापरायचंच असेल तर ४ ग्रॅम घ्या, लाटा थोड्या मंद चालतील, बाकी काही बिघडत नाही.

पाव बनवणारे हेच पोटॅशियम ब्रोमेट वापरायचे. २०१६ मध्ये आपल्याकडे खाद्यपदार्थांत त्यावर बंदी आली, कारण कर्करोगाचा धोका. मुलांच्या हाती पावडर देऊ नका, दोन्हींपैकी कुठलीही.

फेरोईन विकत मिळतं. सांडपाण्यातली घाण मोजणाऱ्या सीओडी चाचणीत तेच निर्देशक म्हणून लागतं आणि तिथलं प्रमाणही हेच, ०.०२५ मोलर. घरी करायचं तर १०० मिली पाण्यात ०.६९५ ग्रॅम फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट आणि १.४८५ ग्रॅम फेनॅन्थ्रोलिन मोनोहायड्रेट. फेरस सल्फेटचे खडे हिरवट हवेत. पिवळसर-तपकिरी झाले असतील तर बाटली बाजूला ठेवा, त्यातलं लोह आधीच फेरिक झालेलं असतं.

तर्रीपोहा

नागपुरात सीओडीवाले शोधायला लांब जायला नको, नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था इथेच आहे. बाकी ब्युरेटभाऊ, मी रोज सकाळी जो पाव खातो त्यात निळ्या लाटा का दिसत नाहीत?

ब्युरेट

फेरोईन टाकून खात नाही म्हणून.

निवृत्त_मास्तर

पाण्याविषयी कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. क्लोराइड या रिअ‍ॅक्शनचं विष आहे. नळाचं पाणी नको, बोअरचं तर मुळीच नको, आणि घरच्या आरओच्या पाण्यातही क्षार शिल्लक असतात. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी चालतं, पण आधी दोन थेंब सिल्व्हर नायट्रेट टाकून बघा. जराही दुधाळ झालं तर बाटली परत करा. सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल घेतलं तर काहीच होणार नाही. आणि ट्रायटन मिळालं नाही म्हणून भांडी घासायचं लिक्विड टाकणारे असतात. ते घट्ट दिसावं म्हणून त्यात मीठ घातलेलं असतं. तेच मीठ तुमच्या लाटा बंद पाडतं. बोटाचा घाम डिशच्या आत लागला तरी त्या जागी लाट अडखळते, म्हणून हातमोजे.

ट्रायटन कशासाठी, तर द्रावण डिशभर सारखं पसरावं म्हणून. साडेआठ मिली ९० मिमीच्या डिशमध्ये ओतलं की थर सव्वा मिलिमीटरच्या थोडा वर होतो. ट्रायटनशिवाय ते मध्येच गोळा होऊन बसतं किंवा काठाशी चढतं.

रसायनी, तपकिरी रंग जायच्या आधी फेरोईन टाकायची घाई मुलं करतातच. ब्रोमिन शिल्लक असताना फेरोईन टाकलं तर ते लगेच निळं होतं आणि कितीतरी वेळ लाल होत नाही, मग सगळ्यांना वाटतं रसायनं खराब आहेत.

वाळ्याची_ताटी

आता गर्मीचं बघू. रसायनीभाऊंच्या मताशी मी असहमत.

रिअ‍ॅक्शनचा वेग दर १० अंशांना दुप्पट ते अडीचपट होतो. २५ ऐवजी ४० अंशांना डिश ठेवली तर सगळं तीन-चार पट घाईत होणार. लाटा जलद निघतात, हे बरं. पण कार्बन डायऑक्साइडही तितक्याच वेगाने सुटतो. २५ अंशांना बुडबुडे त्रास द्यायला लागेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं मिळतात. ४० ला स्पायरलचा दुसरा वेढा पडेपर्यंत डिश बुडबुड्यांनी भरते. प्रत्येक बुडबुडा लाटा अडवतो, फुटला की थर ढवळतो.

कूलर हा दुसरा शत्रू. त्याची हवा उघड्या डिशवर आली की वरचा थर बाष्पीभवनाने थंड आणि जड होतो, खाली बसतो, खालचा वर येतो. लाटांच्या जागी मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते आणि लोक म्हणतात हाही बीझेडचाच पॅटर्न आहे. नाही, ते नुसतं अभिसरण आहे. उलट दिशेने डोकं लावा. एका पसरट काचेच्या ट्रेमध्ये माठातलं पाणी घ्या. आपल्याकडच्या कोरड्या हवेत माठ पाणी चांगलं गार करतो, थर्मामीटरने बघून २५ अंशांवर आणा, जास्त गार वाटलं तर साधं मिसळा. डिश त्या पाण्यात अर्धी बुडेल अशी टेकवा, वरून झाकण. आता डिशचा तळ गार आणि वरची हवा गरम. गार द्रव खाली, गरम वर, म्हणजे अभिसरण सुरूच होत नाही. आणि झाकण डिशपेक्षा गरम असल्यामुळे त्याच्यावर आतून वाफ धरत नाही. डिसेंबरात हीच डिश ठेवा, झाकणावर धुकं धरून काही दिसणार नाही.

म्हणजे मे महिन्याचा हॉल पातळ द्रावणाला उलट सोयीचा आहे, खालून गार केलं तर. ट्रेखालून उजेड टाकायचा असल्यास काच पारदर्शक हवी.

धंतोलीचा_रसायनी

ताटीभाऊ, तळ गार ठेवायचा मुद्दा पटला. पण ट्रेमधलं पाणी हललं की डिश हलते, आणि मुलं टेबलाला धक्के देणार. जेलमध्ये धक्क्याचा प्रश्नच नाही.

वाळ्याची_ताटी

डिशखाली तीन काचेचे गोळे किंवा अ‍ॅक्रिलिकचे तुकडे ठेवा, तरंगू देऊ नका. टेबल भिंतीला लावा आणि मुलांना टेबलापासून हातभर लांब उभं करा. कूलर ज्या स्टँडवर आहे त्याच टेबलावर डिश ठेवली तर मात्र मी काही करू शकत नाही.

ग्रिडमास्तर

एवढा खटाटोप कशाला? स्क्रीनवर दाखवा ना. बार्कली या संशोधकाचं १९९१ चं दोन चलांचं मॉडेल साध्या लॅपटॉपवर पळतं. यू हा जलद चल, व्ही हा मंद. यूचा बदल म्हणजे यू गुणिले (१ वजा यू) गुणिले (यू वजा उंबरठा), याला एप्सिलॉनने भागायचं आणि यूचं विसरण (झिरपून पसरणं) मिळवायचं. उंबरठा म्हणजे व्ही अधिक बी, भागिले ए. व्हीचा बदल म्हणजे यू वजा व्ही. ए ०.७५, बी ०.०१, एप्सिलॉन ०.०२ घ्या, स्थिर फिरणारी स्पायरल मिळते.

जाळी २०० गुणिले २००, दोन बिंदूंमधलं अंतर ०.२५, काळाचं पाऊल ०.०१. साध्या ऑयलर पद्धतीत पाऊल अंतराच्या वर्गाच्या चतुर्थांशाहून, म्हणजे इथे ०.०१५६ हून मोठं झालं की आकडे स्फोट पावतात. अंतर १ घेऊन वेळ वाचवायला गेलात तर लाट जागीच थिजते किंवा चौकोनी चालते, कारण लाटेची कडा जाळीच्या एका घरात मावून जाते.

सुरुवात अशी द्या: डाव्या अर्ध्या भागात यू १, उजवीकडे ०. खालच्या अर्ध्या भागात व्ही ए/२, वर ०. खाली लाट अडते, वर पुढे जाते, मधोमध आपोआप टोक तयार. काठांवर प्रवाह शून्य ठेवा.

वैनगंगा

ग्रिडमास्तर, तुमच्या स्क्रीनवर धूळ नसते, बुडबुडे नसतात आणि कूलर नसतो. मुलांना तेच तर बघायचं आहे! शिवाय तुमच्या मॉडेलमध्ये व्हीला विसरणच दिलेलं नाही. ते फेरोईन जेलमध्ये अडकवलेल्या डिशला लागू पडतं. पातळ द्रावणात दोन्ही चलं पसरतात.

ग्रिडमास्तर

मान्य, एक ओळ वाढवली की व्हीलाही विसरण देता येतं. पण स्क्रीनवर एक गोष्ट दिसते जी डिशमध्ये डोळ्याला पकडता येत नाही: टोकाचा मार्ग. बी बदलत गेलात की टोक वर्तुळात न फिरता फुलाच्या पाकळ्यांसारखी नक्षी काढतं. या लाटांचा अभ्यास करणाऱ्या आर्थर विनफ्रीने डिशमध्येही टोक भटकताना पाहिलं होतं. टोक जिथे फिरतं तो गाभा एका मिलिमीटरच्याही आत असतो, मोबाइलचा कॅमेरा तिथे हात टेकतो.

तर्रीपोहा

काही कळलं नाही, पण एक विचारतो. दोन निळ्या लाटा समोरासमोर आल्या तर पाण्यातल्या लाटांसारख्या एकमेकींच्या पलीकडे का जात नाहीत? व्हिडिओत तर दोघी गायब होतात.

निवृत्त_मास्तर

छान प्रश्न. मेळघाटातला वणवा डोळ्यांपुढे आण. दोन बाजूंनी आलेल्या आगी भेटल्या की दोन्ही विझतात, कारण दोघींच्या मागे जळालेलं रान आहे, पुढे जाळायला काही उरलेलं नाही. इथे निळ्या लाटेच्या मागे फेरोईनचं ऑक्सिडीकरण झालेलं असतं आणि ब्रोमोमॅलोनिक आम्लापासून ब्रोमाइड सुटत असतं. ते ब्रोमाइड ब्रोमस आम्लाला मारतं. ब्रोमाइड पुन्हा एका मर्यादेखाली जाईपर्यंत तिथे नवी लाट शिरू शकत नाही. फरक एवढाच की रान उगवायला पावसाळा लागतो, इथे अर्ध्या मिनिटात सगळं तयार. म्हणून फिरत आलेलं टोक पुन्हा त्याच जागेतून जाऊ शकतं.

तर्रीपोहा

म्हणजे डावीकडे फिरणारे आणि उजवीकडे फिरणारे सारख्याच संख्येने जन्मतात, आणि अगदी जवळ आले की दोघेही नाहीसे होतात. हे प्रात्यक्षिक हिवाळी अधिवेशनात ठेवा राजेहो, विधानभवन जवळच आहे.

ब्युरेट

मूळ मुद्द्याकडे येऊ. कृती जशीच्या तशी ठेवण्याला माझा थोडा विरोध आहे. या प्रमाणात, विशेषतः गर्मीत, सगळी डिशच मधूनमधून निळी होते. तेव्हा तुमची स्पायरल एका झटक्यात पुसली जाते. विनफ्रीने १९७२ मध्ये स्पायरल दाखवल्या तेव्हा मूळ द्रावणातलं आम्ल कमी आणि ब्रोमाइड जास्त केलं होतं, हेतू हाच की द्रावण आपणहून लाल-निळं करत बसू नये, कोणी उकसवलं तरच लाट सुटावी. तुम्हीही अ मध्ये आम्ल २ ऐवजी दीड मिली घ्या.

लाटेचा वेग आम्ल आणि ब्रोमेट यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जातो. आम्ल पाऊणपट केलं तर वेग १३ टक्क्यांनी घटतो, फार नाही. धूळ आणि ओरखड्यांवरून सुटणारी वलयंही कमी होतात.

एकसाथ निळं होणं आणि खरी लाट यातला फरक ओळखायची सोपी खूण: डिशमध्ये काचेची पातळ पट्टी आडवी ठेवा, तळाला टेकलेली. खरी लाट पट्टीशी येऊन थांबते, तिला पसरायला द्रावण लागतं. नुसता वेळेच्या फरकाने सरकणारा रंग पट्टीपलीकडेही तसाच सरकत राहतो.

वैनगंगा

आम्ल कमी करायला हरकत नाही, पण दीडच्या खाली जाऊ नका. लाटा इतक्या कमी सुटतात की मोडायला वलयच मिळत नाही, आणि मग चांदीच्या तारेचा शोध सुरू होतो. शिवाय स्पायरल एकदा जमली की ती वलयांना स्वतःच हटवते. तिचा फिरण्याचा काळ बहुतेक वलयांच्या काळापेक्षा कमी असतो. दर फेरीला दोन लाटांची टक्कर वलयाच्या केंद्राकडे थोडी सरकते आणि शेवटी ते केंद्र बुडतं. दहा-पंधरा मिनिटं निवांत मिळाली तर डिशभर स्पायरलच उरतात, सगळ्या जवळपास सारख्याच वेढ्यांच्या. वेढ्यांमधलं अंतर द्रावणावर ठरतं, तुम्ही कशी मोडली त्यावर नाही.

पेंचकर

भोळा प्रश्न. वाघाचे पट्टे याच प्रकारचे का?

ग्रिडमास्तर

नाही. गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंगने १९५२ मध्ये मांडलेले पट्टे-ठिपके एका जागी थांबलेले असतात. त्यासाठी अडवणारं रसायन वाढवणाऱ्यापेक्षा बरंच जलद पसरावं लागतं. बीझेडच्या साध्या द्रावणात सगळे छोटे रेणू साधारण सारख्याच वेगाने पसरतात, म्हणून इथे थांबलेले पट्टे मिळत नाहीत, धावत्या लाटा मिळतात. ट्युरिंगचे ठिपके प्रयोगात १९९० मध्ये दिसले, फ्रान्समधल्या बोर्दो इथे, क्लोराइट-आयोडाइड-मॅलोनिक आम्लाच्या जेलमध्ये. तिथे स्टार्चने आयोडाइडला धरून ठेवलं आणि तो मंदावला. वाघाच्या कातडीत नेमकं काय घडतं ते पेंचमधल्या वाघालाच विचारा.

हृदयस्थ

थोडं अवांतर, पण मुलांच्या पालकांना सांगायला कामाचं. हृदयाच्या स्नायूतही विजेची लाट अशीच जाते आणि मागे थोडा वेळ थकलेली पेशी सोडते. ती लाट मोडली, समजा एखाद्या जुन्या व्रणावर आदळून, तर तिचंही टोक फिरायला लागतं. काही प्रकारच्या अतिजलद ठोक्यांमागे हे कारण असतं, आणि एका स्पायरलचे तुकडे होऊन अनेक झाल्या की फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाची नुसती थरथर. गणितज्ञ वीनर आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ रोझेनब्लूथ यांनी १९४६ मध्येच हे गणिताने मांडलं होतं. १९९२ मध्ये व्होल्टेजप्रमाणे चमक बदलणाऱ्या रंगद्रव्याने ती हृदयाच्या स्नायूत प्रत्यक्ष टिपली. डिफिब्रिलेटरचा झटका सगळ्या स्नायूला एकदमच उत्तेजित करतो, म्हणजे फिरायला ताजी जागाच उरत नाही. तुमच्या डिशमध्ये हे काम ढवळून होतं.

निवृत्त_मास्तर

हृदयस्थ, छान. पालकांमधला एखादा हुशार माणूस हमखास म्हणेल की रसायनं मागेपुढे होतात म्हणजे ऊष्मागतिकीचा दुसरा नियम मोडला. ही रिअ‍ॅक्शन शोधणाऱ्या बेलुसोवलाही १९५१ मध्ये हेच ऐकावं लागलं, लेख परत आला. १९५९ मध्ये किरणोत्सर्गी वैद्यकाच्या एका संकलनात तो त्रोटक रूपात छापला गेला. झाबोटिन्स्कीने १९६१ पासून काम पुढे नेलं, सायट्रिकऐवजी मॅलोनिक आम्ल आणलं. १९८० मध्ये लेनिन पारितोषिक मिळालं तेव्हा बेलुसोव जाऊन दहा वर्षं झाली होती. उत्तर सोपं आहे: ब्रोमेट आणि मॅलोनिक आम्ल सतत संपतच जातं, मुक्त ऊर्जा सतत खालीच येते. वरखाली होतात ती मधली रसायनं. तासाभरात डिश थंडावते ती म्हणूनच.

तिपाई

चित्रीकरण करणार असाल तर दोन शब्द. लाल फेरोईन ५१० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्या-हिरव्या उजेडात, सगळ्यात काळं दिसतं. निळं रूप तो उजेड जवळपास जाऊ देतं. ट्रेखाली पांढरा एलईडी पॅनल, त्यावर ट्रेसिंग पेपर आणि वर निळसर-हिरवी जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) ठेवली की लाटा काळ्यावर उजळ येतात. पिवळा बल्ब नको, तो डिश खालून तापवतो आणि ताटीभाऊंची सगळी मेहनत पाण्यात जाते. मोबाइलमध्ये फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, नाहीतर प्रत्येक लाटेबरोबर फोन उजेड बदलतो. दर दोन सेकंदाला एक फोटो पुरे. लाटा मिनिटाला काही मिलिमीटरच चालतात.

धंतोलीचा_रसायनी

सगळ्यांचे आभार. पातळ द्रावण, दीड मिली आम्ल, माठाचं पाणी आणि झाकण, इथपर्यंत मी आलो. तरी मुलांना स्पायरल टिकलेली दाखवायची तर जेल लागेल असं अजून वाटतं. आगार वापरू का?

ब्युरेट

आगारशी ब्रोमिन थोडं रिअ‍ॅक्ट करतं, आणि गरम आगारमध्ये फेरोईन टाकलं तर रंग उतरतो. सोडियम सिलिकेटचं जेल चांगलं, पण आम्लाचं माप चुकलं तर ते हातातच घट्ट होतं किंवा रात्रभर होत नाही. शिबिराच्या सकाळी ही जोखीम नको. सोपा पर्याय: ०.४५ मायक्रॉनची मेंब्रेन फिल्टर चकती तयार मिश्रणात भिजवा, काचेवर सपाट ठेवा, खाली हवा अडकू देऊ नका, आणि वरून लिक्विड पॅराफिनचा (खनिज तेलाचा) पातळ थर. बाष्पीभवन नाही, अभिसरण नाही, धक्का लागला तरी काही हलत नाही. विनफ्रीने अशाच चकत्या एकावर एक रचून तिसऱ्या मितीतल्या लाटा तपासल्या होत्या. लाट मोडायची तर तेल ओतायच्या आधी दोन चकत्या जोडून ठेवा, एकीवर लाट अर्ध्यात आली की दुसरी सरकवा. तुटलेलं टोक तिथेच मिळतं.

वैनगंगा

चकतीची सूचना उत्तम. म्हणजे टेबलावर एक चकती कायमची दाखवायला आणि शेजारी दोन-तीन डिश, ज्यात लाट मोडायचं काम मुलांसमोर करता येईल.

आता मिसळणीबद्दल. अर्धा मिली ब्रोमाइडमधून एका डिशमागे ५० मिलिग्रॅमच्या आसपास ब्रोमिन बनतं. वीस डिश हॉलमध्ये मिसळल्या तर एक ग्रॅमच्या जवळ जातं, आणि कूलर ती हवा सगळीकडे फिरवणार. मिसळण हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कपाटात) किंवा गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून. तपकिरी रंग गेल्यावरच डिश आत आणा. आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नाही. कोरडं ब्रोमेट आणि कोरडं मॅलोनिक आम्ल एका कागदावर कधीही नको, आणि ब्रोमेटच्या बाटलीत कागद, साखर, लाकडी चमचा असलं काही जाऊ देऊ नका.

तर्रीपोहा

गच्चीवर मे महिन्यात? दुपारी गेलात तर ब्रोमिनच्या आधी तुम्हीच उडून जाल. सकाळी सातला करा, चहा मी आणतो.

वाळ्याची_ताटी

सातची सूचना खरंच घ्या. हॉल तेव्हा ३०च्या आसपास असतो, कूलर लावायचीही गरज नाही. पहिली तुकडी साडेसातला ठेवली तर माठाच्या ट्रेचं काम दुसऱ्या तुकडीपासून लागेल. द्रावण अ, ब, क आदल्या संध्याकाळी करून ठेवता येतात. अ फिल्टर पेपरमधून गाळा म्हणजे धुळीची वलयं कमी. मिश्रण मात्र आयत्या वेळी.

धंतोलीचा_रसायनी

ठरलं. साडेसातची तुकडी झाकणबंद डिशवर, नऊची ट्रेमधल्या डिशवर, चकती दोन्ही वेळा. उरलेल्या द्रावणाचं काय करू, बेसिनमध्ये?

ब्युरेट

सरळ बेसिनमध्ये नको. सगळं एका काचेच्या बरणीत जमा करा. हूडमध्ये किंवा मोकळ्या हवेत सोडियम बायसल्फाइटची पावडर थोडी थोडी टाकत जा, ढवळत. ब्रोमेटचं ब्रोमाइड होतं, निळं-तपकिरी जाऊन लाल राहिलं की समजा संपत आलं. घाईने टाकलं तर सल्फर डायऑक्साइडचा ठसका लागतो. मग खाण्याचा सोडा फेस थांबेपर्यंत. बरणी मोठी घ्या, फेस चौपट वर येतो. पॅराफिन लागलेली चकती त्यात टाकू नका, ती वेगळ्या पिशवीत.

तर्रीपोहा

वाचनखूण साठवली. साडेसातला येतो, पण चहाचे कप त्या टेबलापासून लांब ठेवा रे भाऊ.